रेखाच्या नावाचं पाकीट

ही गोष्ट २०२३ सालची. त्या नोव्हेंबरात अध्यक्षाची निवडणूक नव्हती, गव्हर्नरचीही नव्हती. होती ती फक्त गावच्या कौन्सिलची. मिशिगनमध्ये ट्रॉयला लागून असलेलं ते गाव. एरवी अशा निवडणुकीकडे तिथली मराठी मंडळी ढुंकूनही बघायची नाहीत. पण त्या वर्षी देवांग उभा होता. देवांग तिथेच जन्मलेला, वकील झालेला आणि लहानपणी मराठी मंडळाच्या कार्यक्रमात गणपतीचा उंदीर झालेला. आपल्यातलं कोणी कौन्सिलवर बसणार म्हटल्यावर सगळ्यांच्या अंगात आलं. कौन्सिल नेमकं काय करतं हे ज्यांना धड माहीत नव्हतं, तेही शेजाऱ्यांना पत्रकं वाटत हिंडत होते.

मृणालिनी तेवढी हिंडत नव्हती. तिला ते करायची मुभाच नव्हती. सत्तरी ओलांडलेली ही डॉक्टरीणबाई आयुष्यभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघत आली होती. रिटायर झाल्यावर दर निवडणुकीला ती सिटी क्लर्कच्या ऑफिसात हंगामी काम करायची. सिटी क्लर्क म्हणजे गावच्या निवडणुका चालवणारी अधिकारी. टपालानं मत देणाऱ्यांची पाकिटं आली की पाकिटावरची सही आणि सरकारदरबारची सही शेजारी शेजारी ठेवून जुळते का ते बघायचं, हे तिचं काम. कामाच्या पहिल्या दिवशी उजवा हात वर करून शपथ घ्यावी लागे. ते तिला फार आवडायचं. तिचा नवरा विवेक चिडवायचा, "पेशी संपल्या, आता बाईसाहेब सह्यांची बायॉप्सी करणार."

ऑक्टोबरातल्या एका सकाळी, गठ्ठ्यातलं पुढचं पाकीट तिनं उचललं आणि तिचा हात थांबला.

रेखा मनोहर पाटणकर.

सही सुरेख होती. 'आर'च्या पायाला ती लांब लफ्फेदार शेपटी. संगणकावरची सही आणि ही, तसूभरही फरक नाही. शेजारच्या खुर्चीवरची डॉलरिस चष्म्यावरून डोकावली. "जुळतेय की. पुढे चल."

जुळत तर होतीच. जुळणार नाही तर काय! ती सही मुळात रेखाच्या नवऱ्यानं, मनोहरनं बसवलेली. १९७८च्या थंडीत रेखा नवी नवरी म्हणून आली, तेव्हा ती दोघं आणि मृणालिनी-विवेक एकाच इमारतीत राहायची, दोन घरांत मिळून एक गाडी. तेव्हा मनोहरनं जुन्या पाकिटांच्या पाठीवर रेखाकडून ही सही गिरवून घेतली होती. पुढे तो स्वतःच ती करायला लागला. मुलांच्या शाळेचे कागद, टॅक्स, बँक. "तिला कशाला उठवायचं," म्हणायचा. इतकी वर्षं केल्यावर ती त्याच्या हाताला तिच्याहून जास्त बसली असेल.

आणि रेखा तर पुण्यात होती. सप्टेंबर लागला तशीच गेली, बहिणीचं खुब्याचं ऑपरेशन होतं म्हणून. विमानतळावर सोडायला मृणालिनीच गेली होती. मतपत्रिका टपालात पडल्या त्या महिन्याच्या अखेरीला. आदल्याच दिवशी व्हिडिओवर रेखा बहिणीला खिमट भरवताना दिसली होती.

म्हणजे हे पाकीट तिनं पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

मृणालिनीनं ते जुळलेल्यांच्या ट्रेमध्ये ठेवलं. मग परत उचललं. ऑफिसात हीटर घरघरत होता. दुसऱ्याच्या नावानं सही करून मत टाकणं हा तिथे साधासुधा गुन्हा नाही, तुरुंग होऊ शकतो, हे प्रशिक्षणात दर वर्षी सांगायचे. मनोहर अठ्ठ्याहत्तरचा. दोन स्टेंट घातलेले. गाड्यांच्या कंपनीत जन्म घालवलेला सरळमार्गी इंजिनिअर, कधी लाल सिग्नल तोडला नसेल. आणि कायद्याला हे कळण्याचा काही मार्गच नव्हता. कायद्याच्या दृष्टीनं सही जुळत होती. कळलं होतं ते एकट्या तिला.

अशा वेळी माणसाला काय काय आठवतं. तिला आठवले अमरावतीचे देवपुजारी मास्तर. आणीबाणीच्या वर्षी सकाळी पूजेला बसले असताना पोलीस त्यांना उठवून घेऊन गेले. आरोप नाही, चौकशी नाही. हुकमावर ज्यांची सही होती ते अधिकारी तिच्या वडिलांबरोबर दर रविवारी ब्रिज खेळायचे. फार सज्जन गृहस्थ. वडिलांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "वरून कागद आला, मी सही केली. आता आपल्या माणसांत काय हिशेब मागता?" आणि खरंच, कोणी मागितला नाही. त्या दिवाळीला ते अधिकारी मृणालिनीच्या घरी फराळाला आले, आणि तिनं स्वतःच्या हातानं त्यांच्यापुढे ताट ठेवलं. चिवडा छान झालाय म्हणाले. पलीकडच्या घरात मास्तरांची बायको दार लावून बसली होती.

ती पाकीट घेऊन उठली आणि क्लर्कच्या खोलीत गेली.

"मिसेस नोवाक, ही बाई माझी मैत्रीण आहे. हिची सही मी तपासणं बरोबर नाही. तुम्ही बघा."

एवढं बोलून सुटता येईल असं तिला वाटलं होतं. पण मिसेस नोवाक बाई मुरलेल्या. पाकीट बघितलं, मग मृणालिनीचा चेहरा बघितला. "सही तर बरोबर दिसतेय. मैत्रिणी तर तुमच्या गावभर आहेत. याआधी कधी एकही पाकीट आणलं नाहीत. थांबा, मी त्यांनाच फोन लावते."

रेखाच्या नावापुढे नोंदलेला नंबर मनोहरचा होता. ईमेलही मनोहरचाच. त्यांच्या पिढीच्या घराघरांत तसंच असतं.

फोन स्पीकरवर होता. "मिसेस पाटणकर आहेत का? सिटी क्लर्कच्या ऑफिसातून बोलतेय."

"मी मिस्टर पाटणकर. बोला ना."

"त्यांच्या मतपत्रिकेबद्दल दोन मिनिटं त्यांच्याशीच बोलायचं होतं."

"ती... शॉवर घेतेय." मनोहरचा आवाज किंचित चढला. "मला सांगा, मी आहे ना."

"पाकिटावर त्यांनीच सही केली, एवढंच त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं."

"हो, हो! तिनंच केली. माझ्यासमोर. परवाच, इथे, किचन टेबलवर."

मृणालिनीनं डोळे मिटले. भाऊजी, गप्प बसा हो, ती मनात म्हणत होती. एक शब्द पुढे बोलू नका. पण मनोहर बोलतच राहिला, सरकारी माणसाशी बोलताना घाबरलेला माणूस बोलतो तसा. टेबल, पेन, सकाळची वेळ, सगळं सांगून मोकळा झाला.

मिसेस नोवाकनी फोन ठेवला. "तुम्हाला काहीतरी माहीत आहे," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता, पण त्यात सुटका नव्हती.

खिडकीबाहेर कोणीतरी वाळकी पानं ओढत होतं. मृणालिनी त्याच्याकडे बघत म्हणाली, "रेखा पुण्यात आहे. मतपत्रिका निघायच्या आधीपासून. मीच तिला विमानात बसवलं."

आता ते तिच्या हातात राहिलं नव्हतं. पाकीट बाजूला काढलं गेलं, कागद पोलिसांकडे गेले. मिसेस नोवाकनी बजावलं, तुम्ही साक्षीदार आहात, याविषयी कोणाशी बोलायचं नाही. रेखाशी तर नाहीच.

पोलीस मनोहरला भेटून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो मृणालिनीच्या दारात उभा राहिला. विवेकनं दार उघडलं.

"विवेक, तुझ्या बायकोला बोलव. म्हणावं, हातकड्या घालायला आरोपी स्वतः आलाय. तेवढाच पोलिसांचा पेट्रोलचा खर्च वाचेल."

मृणालिनी बाहेर आली. "भाऊजी, मला तुमच्याशी यावर बोलायची परवानगी नाही."

"परवानगी!" मनोहर सोफ्यावर धपकन बसला. "वहिनी, तुमच्या मुलीच्या वेळी हॉस्पिटलात तुम्हाला बर्फातून कोणी नेलं? तेव्हा मागितली होती मी परवानगी? काय चोरलं हो मी? बँक लुटली? घरातली सही घरातल्या माणसानं केली. चाळीस वर्षं करतोय! तिच्या टॅक्सवर केली तेव्हा हे अमेरिकन सरकार पैसे मोजून घेत होतं, तेव्हा नाही आली त्यांना शंका?"

विवेक चाचरत म्हणाला, "मृणाल, अगं... आपण काय सुप्रीम कोर्ट आहोत का?"

"ऐका, ऐका नवऱ्याचं." मनोहर पुढे सरकला, आणि एकदम त्याचा आवाज खाली आला. "वहिनी, एक वाक्य फक्त. तारीख चुकली म्हणा. रेखा ऑक्टोबरात गेली म्हणा, पाकीट आल्यावर सही करून गेली. फोनवर मी गोंधळलो होतो म्हणेन. तुमचंही वय झालंय, कोणी बोट दाखवणार नाही. एका मतासाठी पासपोर्ट कोण बघतंय? तुम्ही एक वाक्य बोललात की मी सुटलो."

इतक्या वर्षांत त्या माणसाला असं गयावया करताना तिनं बघितलं नव्हतं. एक वाक्य. तिच्या जिभेवर आलंसुद्धा होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "रेखाला विचारलं होतंत?"

"काय?"

"मत कोणाला द्यायचं ते."

प्रश्नच कळला नाही त्याला. "त्यात विचारायचं काय? देवांग उभा आहे ना?"

मृणालिनीनं मान हलवली. "मी तारीख बदलणार नाही."

मनोहर उठला. दारात वळून म्हणाला, "मी आत गेलो तर डबा तुम्ही आणा हं वहिनी. तिखट जरा कमी घाला." विवेक त्याच्यामागे अंगणापर्यंत धावला, पण गाडी निघून गेली होती.

बातमी दोन दिवसांत सगळ्यांना कळली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी तिचं नाव घेतलं नाही, पण 'घरभेदी' हा शब्द तिघांनी वापरला. मंडळाची अध्यक्षा चारुता, मृणालिनीच्या मुलीच्या वयाची, फोनवर म्हणाली, "काकू, मी तुम्हाला रिस्पेक्ट करते, पण हे घरातलं मॅटर होतं. दिवाळीच्या प्रोग्रामला तुम्ही या वर्षी... आय मीन, तुम्हालाच ऑकवर्ड होईल." मृणालिनी म्हणाली, "बरं."

देवांगचाही फोन आला. "मावशी, हाऊ आर यू? ऐक ना, एकच विचारायचं होतं. हे सगळं सात तारखेनंतर नाही का होऊ शकत? तू क्लर्कशी बोललीस तर? आफ्टर द इलेक्शन, दॅट्स ऑल."

"तू वकील आहेस ना रे?"

"येस," तो म्हणाला. "सॉरी मावशी. आय शुडंट हॅव आस्क्ड. फोन केला हे विसरून जा." मृणालिनी विसरली नाही, पण फोन ठेवायच्या आत त्यानं स्वतःच माफी मागितली, हेही नाही विसरली.

ऑक्टोबर संपता संपता रेखा परत आली. डिटेक्टिव्ह तिचाच जबाब घ्यायला थांबले होते; खटला भरायचा की नाही ते त्यावर ठरणार होतं. ती आल्याला दोन दिवस झाले, तरी मृणालिनीला फोन नाही. तिसऱ्या दिवशी आला.

"मला पोलीस स्टेशनला सोडशील का? याच्याबरोबर जायचं नाही असं त्यांनी सांगितलंय. आणि मला हायवेवर चालवता येत नाही, तुला माहीत आहे."

"मी सोडते. पण रेखा, केसबद्दल एक अक्षर नको."

"तुझ्याशी गप्पा मारायला कोण येतंय," रेखा म्हणाली आणि फोन ठेवला.

गाडीत ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. विमानाच्या प्रवासानं चेहरा सुजलेला. ओठ हलत होते. मृणालिनीला वाटलं रामरक्षा म्हणतेय.

"त्यानं मला पाठ करून घेतलंय," रेखा रस्त्याकडे बघत म्हणाली. "कधी गेले, कुठे बसून सही केली, पेन कुठलं. तोंडी परीक्षा घेतली काल."

"मला सांगू नकोस."

"नाही सांगत."

मृणालिनीनं स्टिअरिंग घट्ट धरलं. रेखानं ते पाठ केलेलं म्हटलं की मनोहर सुटणार आणि खोटी ठरणार ती. म्हातारपणी डोकं फिरलेली, मैत्रिणीच्या नवऱ्यावर उठलेली बाई. आणि रेखानं नाही म्हटलं तर त्या दोन स्टेंटवाल्या माणसाला कोर्टात उभं राहावं लागणार. यातलं आपल्याला काय हवंय, हे तिचं तिलाच सांगता येईना.

स्टेशनात एक तरुण डिटेक्टिव्ह आला, रेखाला अदबीनं आत घेऊन गेला. दार बंद झालं. मृणालिनी बाकावर बसली. समोरच्या भिंतीवर हरवलेल्या कुत्र्याचं चित्र होतं. ते तिनं इतक्या वेळा वाचलं की कुत्र्याचं नाव तिला पुढे कित्येक महिने आठवत राहिलं. आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदा खुर्ची सरकल्यासारखी वाटली. मग पुन्हा काही नाही.

रेखा बाहेर आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. ती थेट पार्किंगमध्ये गेली आणि गाडीला टेकून उभी राहिली.

"आता बोलले तर चालेल ना? जबाब झाला माझा, सहीसकट. माझी सही." ती थांबली. "मृणाल, तो पोऱ्या मला पहिल्यांदा काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, मॅम, तुम्ही कोणाला मत देणार होतात ते मला सांगू नका. ते विचारायचा हक्क मला नाही. कोणालाच नाही, तुमच्या नवऱ्यालाही नाही. आपण सिटिझन होऊन किती वर्षं झाली गं? हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं."

"मग?"

"मग काय. पाठ केलेलं विसरले सगळं. म्हटलं, मी सही केली नाही. मला कोणी विचारलंही नाही." तिनं पर्समधून रुमाल काढला, पण वापरला नाही. "आणि हेही लिहायला लावलं, की त्याला तुरुंगात घालू नका. त्याला वाटतं हे त्याचंच काम आहे. इतकी वर्षं मीही त्याला थांबवलं नाही."

मृणालिनीनं तिच्या हाताला हात लावला. रेखानं काढून घेतला नाही.

"एक सांगू? देवांगला मी देणारच नव्हते. तो सीनियर सेंटरची, म्हाताऱ्यांना नेणारी व्हॅन बंद करायची म्हणतो, खर्च वाचवायला. मग मी काय उडत जाऊ भाजी आणायला? त्याच्यासमोर ती दुसरी बाई उभी आहे ना, ती व्हॅन ठेवणार म्हणते. आणि आमच्या साहेबांनी माझ्या नावानं माझीच व्हॅन बंद करायला सही ठोकली!"

दोघी हसल्या. अगदी पोटातून हसू आलं, पार्किंगमधला पोलीस वळून बघायला लागला इतकं. मग रेखाचं हसू विरलं.

"पण तुझं मी विसरणार नाही. तू आधी मला फोन करायला हवा होतास."

"करता येत नव्हता, रेखा."

"माहीत आहे. तरी."

पुढचं सगळं उजेडात, रीतसर झालं. टपालातलं ते मत रद्द झालं. मतदानाच्या दिवशी रेखा व्हॅननं केंद्रावर गेली, नवी मतपत्रिका मागून घेतली आणि पडद्याआड उभी राहून मत दिलं. मनोहरला ती घेऊनच गेली नव्हती. देवांग हरला, आणि बऱ्यापैकी हरला. मनोहरनं सबंध गल्लीच्या सह्या केल्या असत्या तरी तो निवडून आला नसता.

हिवाळा संपताना मनोहर कोर्टात उभा राहिला. सरकारी वकिलांनी रेखाचा जबाब वाचून मोठा गुन्हा मागे घेतला होता, लहान ठेवला होता. मनोहरनं तो कबूल केला. त्याचा आवाज शेवटच्या बाकावर बसलेल्या मृणालिनीपर्यंत पोचलाही नाही. न्यायाधीश बाई होत्या. त्या म्हणाल्या, "मिस्टर पाटणकर, तुम्ही चोर आहात असं मला वाटत नाही. म्हणूनच हे सोडून देता येत नाही. चोराला अडवायला सगळेच पुढे येतात. चांगल्या माणसाला कोणी अडवत नाही." दंड झाला, एक वर्ष प्रोबेशनची देखरेख, आणि गरजूंना फुकट धान्य देणाऱ्या गावच्या अन्नपेढीत शंभर तास काम. तुरुंग नाही. रेखा इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडून रडली. मनोहरनं मृणालिनीकडे वळूनही बघितलं नाही.

मिसेस नोवाक पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या आणि लेकाकडे कॅरी नावाच्या गावी राहायला गेल्या. नाताळात त्यांचं कार्ड येतं. डॉलरिस अजून त्याच खुर्चीवर पाकिटं तपासते. देवांग दोन वर्षांनी पुन्हा उभा राहिला, या खेपेला व्हॅन चालू ठेवणार म्हणून, आणि थोडक्यात निवडून आला. चारुतानं पुढच्या दिवाळीचं आमंत्रण स्वतः घरी येऊन दिलं. जुन्या गोष्टीचा उल्लेख तिनंही केला नाही, मृणालिनीनंही नाही. विवेक २०२५च्या उन्हाळ्यात गेला, झोपेत, काही त्रास न होता. त्याच्या प्रार्थनासभेला मनोहर आला, कोपऱ्यात बसला, आणि चहा न घेता गेला.

मनोहरचे शंभर तास केव्हाच संपले, पण अन्नपेढीत तो अजून गुरुवारी जातो. तिथल्या फळ्या त्यानं नव्यानं लावून दिल्यात, कुठलं खोकं कुठे ते त्याच्याशिवाय कोणाला सापडत नाही. मृणालिनीशी तो आजही बोलत नाही. रेखानं स्वतःचा फोन घेतला, स्वतःचा ईमेल उघडला आणि टॅक्सच्या कागदांवर वाचून, शंका विचारून, वैताग आणून सही करते. 'आर'ची ती शेपटी तिनं टाकून दिली. ती मृणालिनीला दर मंगळवारी फोन करते आणि दोघी तासभर बोलतात. पण पाटणकरांच्या घरी मृणालिनीला तिनं त्यानंतर बोलावलं नाही, आणि मृणालिनीनंही कधी विचारलं नाही.

मृणालिनीनं २०२४ची मोठी निवडणूक पार पाडली. मग मोतीबिंदूनं सह्या धूसर दिसायला लागल्या, तेव्हा तिनं आपण होऊन काम सोडलं.